कळू नये अशी दुरुस्ती

‘दुरुस्ती अशी हवी की ती झाली होती हे कुणाला कळताच कामा नये.’ नाशिकमधल्या संग्राहकांच्या गप्पांत हे वाक्य हल्ली नियमासारखं फेकलं जातं. जुने बिल्ले, पदकं, पलटणींच्या टोप्यांवरची चिन्हं आणि अधूनमधून नाणी जमवणारे आमचे एक ज्येष्ठ स्नेही ते फार ठासून मांडतात. मीन्याचा टवका उडालेला, मागची सुई तुटलेली, पितळ काळवंडलेलं, असा बिल्ला त्यांच्या लेखी निम्म्या किमतीचा माल. सराफ बाजारातल्या हुशार कारागिराच्या हातून तो ‘काढून’ घेतला की पूर्ण किमतीचा. वर त्यांचं असंही म्हणणं, की जुन्याचा काळेपणा जपायचा हे गोऱ्यांचं खूळ आहे. आपण भांड्यांना कल्हई लावणारे, समया घासणारे, देव उजळणारे लोक. आपल्याला लखलखीतच लागतं आणि गिऱ्हाईकही शेवटी आपलंच असतं.

यातलं मला काहीही मान्य नाही. नुसतं अमान्य करून गप्प बसलो असतो, पण हा सल्ला ऐकून नवी पोरं पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पदक थेट चिंचेच्या कोळात बुडवतात.

आधी कल्हईचंच घेऊ, कारण स्नेह्यांचा सगळा भर तिच्यावर आहे. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो आणि कळकलेलं खाऊन माणूस आजारी पडतो, म्हणून आपण कल्हई लावतो. ती दिसण्यासाठी नसते. कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथलाचा पातळ थर फिरवतो. मूळ पातेलं पुसून टाकत नाही, त्यावर नवं काही चढवतो, आणि ते झिजलं की पुन्हा चढवतो. त्यात लपवाछपवीही नसते. कल्हई केलेलं पातेलं कल्हई केलेलंच म्हणून वापरात असतं. म्हणजे स्नेह्यांनी दिलेलं उदाहरण त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतं.

देवघराचीही तीच गोष्ट. रोजच्या अभिषेकाने आणि पुसण्याने चांदीचे टाक झिजतात, चेहरे सपाट होतात. मग आपण काय करतो? झिजलेल्या खंडेरायाचं नाक सोनाराकडून पुन्हा उठवून घेऊन तो ‘मूळचाच’ म्हणून पाटावर बसवत नाही. नवा टाक घडवतो आणि जुना नदीत विसर्जित करतो. मूर्ती भंगली तरी सहसा हाच रिवाज. जुनं ते जुनं, नवं ते नवं, हा भेद आपल्या घरात पूर्वीपासून आहे. तो शिकायला कुठल्या लंडनच्या लिलावघराची गरज नव्हती.

जिल्ह्यातलंच आणखी एक उदाहरण. २०२२ साली सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचा, वर्षानुवर्षं चढत गेलेला शेंदराचा जाड लेप उतरवण्यात आला आणि आतलं मूळ शिल्प भाविकांना दिसलं. श्रद्धेच्या बाजूने त्यावर ज्याला जे म्हणायचं त्याने ते म्हणावं. मी फक्त पदार्थापुरतं बोलतो. शेंदूर वर चढवला होता, म्हणून तो उतरवता आला. तीच मूर्ती कुणी ‘स्वच्छ’ करण्यासाठी छिन्नीने खरवडली असती, तर उतरवायला आणि दिसायला काय उरलं असतं? चढवलेलं उतरवता येतं, घासून नेलेलं परत आणता येत नाही. बिल्ल्याच्या दुरुस्तीत मला एवढाच एक फरक महत्त्वाचा वाटतो.

राहिलं गोऱ्यांचं खूळ. गोऱ्यांनीही पूर्वी हेच केलं, आणि फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९३७-३८मध्ये ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी पार्थेनॉनची अडीच हजार वर्षं जुनी संगमरवरी शिल्पं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. नवं दालन बांधून देणाऱ्या धनिकाला पांढरा संगमरवर हवा होता. त्या प्रकरणाची चर्चा अजून संपलेली नाही. जुन्याला हात न लावण्याचं शहाणपण त्यांना जन्मजात मिळालेलं नव्हतं. गमावल्यावर आलं. आपणही गमावूनच शिकावं, असा आग्रह कशाला?

आता धातूकडे येऊ. स्नेह्यांचा ‘हुशार कारागीर’ नेमकं काय करतो, हे ते कधीच सांगत नाहीत.

जुन्या चांगल्या बिल्ल्यांवरचा मीना म्हणजे काचच. काचेची रंगीत पूड धातूच्या खाचेत भरून सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत वितळवलेली. बिल्ल्याच्या पाठीवरची सुई किंवा कडी पुष्कळदा कथील-शिशाच्या डाखाने बसवलेली असते आणि हा डाख २०० अंशांच्या आसपासच पाणी होतो. तेव्हा उडालेल्या टवक्याच्या जागी ‘मूळ पद्धतीने मीना भरून दिला’ असं कुणी सांगितलं, तर पाठ आधी पाहावी. सुई जागच्या जागी, जुना डाख तसाच, आणि पुढे भट्टीतला नवा मीना, हे तिन्ही एकत्र असू शकत नाही. एकतर सगळी पाठ उखडून नव्याने बसवली आहे, किंवा पुढे भरलेला मीना काच नसून रंग मिसळलेला इपॉक्सी आहे. बहुतेक वेळा दुसरंच खरं निघतं. इपॉक्सी काही वर्षांनी पिवळट पडतो, निळ्यात हिरवट झाक येते, आणि काचेच्या शेजारी ती ओरडून सांगते. बरं, तो सहज विरघळत नाही, म्हणून काढायला गेलं की शेजारच्या खऱ्या मीन्याचा टवका घेऊनच निघतो. कळू नये म्हणून केलेली दुरुस्ती दहा वर्षांनी सगळ्यांना कळते आणि तेव्हा ती मागे घेण्याची वाट बंद झालेली असते.

पाठीचा प्रकार याहून वाईट. सुटलेली सुई बसवायला कारागीर फुंकणी लावतो. पातळ पत्र्याच्या मागून दिलेली आच पुढच्या काचेपर्यंत पोचायला क्षण पुरतो. धातू एका मापाने फुगतो, काच दुसऱ्या मापाने. मीन्यात केसासारखे तडे जातात आणि ते भरून येत नाहीत. डाख घ्यावा म्हणून नवसागर किंवा तसलंच काही लावलेलं असतं. ते नीट धुतलं नाही, तर त्यातला क्लोराइड धातूत बसून राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात सुईच्या बुडाशी फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. पुसली की दोन महिन्यांनी पुन्हा हजर. दुरुस्तीने आणलेला हा रोग मग ‘जुनेपणाची खूण’ म्हणून खपवला जातो, हा आणखी एक विनोद.

चिंच आणि लिंबाबद्दल थोडक्यात. आम्ल पितळेवरचा काळेपणा खातं, हे खरं; पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आम्लात फार वेळ ठेवलं तर जस्त आधी निघून जातं. उरलेल्या तांब्याचे गुलाबी चट्टे पडतात. ते कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. घासायच्या पावडरीने तर अक्षरांच्या कडाच बसतात. कचेरीतल्या पट्टेवाल्यांच्या पट्ट्यावरचे जुने पितळी बिल्ले पाहा. कोरलेल्या अक्षरांत अनेकदा काळी लाख भरलेली असते. एकदा जोरात घासलं की लाख जाते, आणि मग ‘कुठल्या खात्याचा, कुठल्या जिल्ह्याचा’ हे वाचायला बिल्ला तिरका धरावा लागतो. तो बिल्ला कुणी पितळेच्या वजनावर विकत घेत नाही. त्याची किंमत त्या चार शब्दांत असते.

पदकांत हे आणखी स्पष्ट होतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. लाखोंनी वाटलेलं, त्यामुळे पदक म्हणून दुर्मीळ नाही. त्याचं मोल ठरतं ते कडेवर कोरलेल्या क्रमांकाने, हुद्द्याने, नावाने आणि पलटणीने. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या; त्यातल्या एखाद्या शिपायाचं नाव कडेवर असेल, तर तेच पदक वेगळी वस्तू होतं. श्रमिक तुकड्यांतल्या हिंदी मजुरांना हे पदक चांदीऐवजी काशाचं मिळालं. चांदीवाल्याला ते हिणकस वाटेल, जाणकार मात्र तेच आधी उचलतो. आता ही कड कुणी ‘ओरखडे काढायला’ घासली की नाव पुसट होतं. पूर्ण पुसून दुसरं नाव टाकलेली पदकंही बाजारात फिरतात. ती लबाडी आहे, हे आमचे स्नेहीही मान्य करतात. पण कडेवरचे ओरखडे घासणं आणि कडेवरचं नाव घासणं यांत हत्यार एकच आहे, हे मात्र मान्य करत नाहीत.

देवळाली कॅम्पच्या शेजारी राहणाऱ्या संग्राहकांना तोफखान्याच्या बिल्ल्यांबद्दल सांगायची गरज नसावी. तरी सांगतो. जुन्या काही बिल्ल्यांत तोफेचं चाक वेगळं बसवलेलं असतं आणि ते बोटाने फिरतं. चाक ढिलं झालं म्हणून ‘पक्कं’ करून घेतलेला एक बिल्ला मी पाहिला. डाख इतका सफाईदार की भिंग लावल्याशिवाय दिसेना. काम उत्तम होतं आणि बिल्ला ठार मेला होता.

इथे मला जोगलटेंभीचा दाखला द्यायचा आहे, कारण नुकसान म्हणजे काय याचं याहून चांगलं उत्तर जगात क्वचितच कुठे मिळेल, आणि ते सिन्नर तालुक्यात मिळालं. १९०६ साली या गावात सव्वातेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक लिपी. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. कुठे नहपानाच्या गालावर टेकडीचं चिन्ह, कुठे कपाळावर उज्जैन चिन्ह. आमच्या स्नेह्यांच्या हिशेबाने ही नऊ हजार नाणी ‘खराब’. चेहरा बिघडलेला, अक्षरं तुटलेली, एकावर एक दोन छाप. कुणी हुशार कारागीर १९०६ साली भेटला असता, तर त्याने काही शेकडे नाणी तरी ‘मोकळी’ करून दिली असती.

आणि सातवाहनांच्या इतिहासाचा एक खांब पडला असता. नहपानाचा पराभव करून गौतमीपुत्राने त्याचं चलन ताब्यात घेतलं, हे आपल्याला त्या बिघाडामुळे हातात धरून दाखवता येतं. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याचं सांगतो. तो आईने केलेला गौरव आहे, त्यात अतिशयोक्ती असेल असं कुणीही म्हणू शकलं असतं. नाण्यांवरचा ठसा कुणाचा गौरव करत नाही. तो फक्त आधीच्या ठशाच्या वर बसलेला आहे. वर बसलेला आहे, एवढंच त्याचं म्हणणं, आणि तेवढंच पुरेसं आहे. अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८०मध्ये उभ्या केलेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत एक दिवस घालवावा. झीज, ठसे, छेद, वजनातली घट यांकडे अभ्यासक पुरावा म्हणून पाहतात, ही गोष्ट व्याख्यानाशिवाय कळते.

स्नेही म्हणतील, हा इतिहास झाला. मी बाजाराचं बोलतोय. ठीक, बाजाराचंच बोलू.

बाजारात आज काय होतं? अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या संस्था घासलेल्या किंवा डागडुजी केलेल्या नाण्याला अंकी दर्जा देत नाहीत; ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात आणि तो शेरा बसला की बोली खाली येते. गळ्यातल्या माळेसाठी कडी झाळलेले राणीछाप रुपये आपल्याकडे घरोघरी आहेत. कडी काढून, कड घासून ते ‘सुटं नाणं’ म्हणून आणलं, तर कुठलाही अनुभवी व्यापारी बारा वाजण्याच्या जागी नख फिरवतो आणि नाणं परत सरकवतो. तिकिटांच्या संग्राहकांनी तर हा वाद केव्हाच मिटवला. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून १९२६पासून तिकिटं छापली जात आहेत. त्यांतल्या एखाद्याचा मूळ डिंक गेला म्हणून नवा डिंक फासला, तर ते तिकीट डिंक नसलेल्या प्रामाणिक तिकिटापेक्षाही खाली जातं. बिल्लेवाले या बाबतीत तिकीटवाल्यांपेक्षा मागे आहेत, एवढंच.

पण खरा मार याहून खोल बसतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याला पुढे नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं, की दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर घेणारा प्रत्येक गाडीत दोष असू शकतो असं धरूनच भाव सांगतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. हे बिल्ल्यांना तंतोतंत लागू आहे. तुमच्या संग्रहातल्या एका बिल्ल्यात लपवलेला इपॉक्सी सापडला, तर घेणारा त्या एका बिल्ल्याचे पैसे कापत नाही. उरलेल्या सगळ्यांकडे संशयाने पाहतो. ज्या बिल्ल्याला तुम्ही कधी हात लावला नाही, त्याचीही किंमत तुम्ही त्या दिवशी घालवलेली असते. शिवाय संग्राहकांचं शहर लहान असतं. बातमी पंचवटीहून नाशिक रोडला संध्याकाळपर्यंत पोचते.

आता एक बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर मीही दुसऱ्या टोकाचा भाट ठरेन. ‘कशालाच हात लावू नका’ म्हणणारी मंडळीही आहेत आणि त्यांच्याशीही माझं जमत नाही. वर सांगितलेली हिरवी भुकटी ही शोभेची कळा नाही. तांब्यातला क्लोराइड दमट हवेत, आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की, धातू खात सुटतो. जुलैत नाशिकची हवा त्याच्या पुष्कळ वर असते. घट्ट, गुळगुळीत, गडद थर असेल तर राहू द्या. भुसभुशीत फिकट हिरवं असेल तर ते थांबवायलाच हवं. तसंच स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांचं. त्यांतून सुटणारा चिकट हिरवा थर बिल्ल्यावर बसतो. तो अ‍ॅसिटोनने काढला तर नुकसान नाही, न काढला तर आहे. मात्र रंगवलेल्या, प्लास्टिकचा फुगवटा असलेल्या किंवा सेल्युलॉइडखाली कागद असलेल्या निवडणुकीच्या बिल्ल्याला अ‍ॅसिटोन लावलात, तर बिल्लाच विरघळेल. त्याला पाणीसुद्धा वर्ज्य. कडेतून आत शिरतं आणि आतला पत्रा गंजून कागदावर तपकिरी ठिपके येतात.

म्हणजे दुरुस्ती करावी. खपली सुटू पाहणाऱ्या मीन्याखाली पॅरालॉइड बी-७२चा थेंब सोडावा. संग्रहालयांत तो वापरतात, कारण तो अ‍ॅसिटोनने पुन्हा काढता येतो. उडालेला टवका रिकामा ठेवावा, आणि डोळ्याला फारच खुपत असेल तर रंगीत मेण भरावं, जे नखाने निघेल. माती आणि घाम ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ कुंचल्याने आणि बांबूच्या टोकदार काडीने काढावा. वाकलेली जुनी सुई सरळ करायचा मोह आवरावा, कारण जुनं पितळ ठिसूळ झालेलं असतं आणि ते दुसऱ्यांदा वाकताना तुटतं. तुटलीच तर आच न लावता मागे वेगळी पट्टी चिकटवता येते. मुलामा पुन्हा चढवू नये, कधीच. हे सगळं स्नेह्यांच्या कारागिराच्या कामापेक्षा कमी देखणं दिसेल. दुरुस्ती पुढून फारशी नाही, पण पाठ उलटली की दिसेलच, आणि दिसावीच.

यावर स्नेह्यांचा शेवटचा हुकमी एक्का येतो: ‘सांगून विकलं तर घेतो कोण?’ घेतात. दुर्मीळ बिल्ला असेल तर टवक्यासकट घेतात, आणि साधा असेल तर टवका लपवूनही फारसं काही मिळत नाही. तोटा होतो तो फक्त मधल्या मालात, आणि तिथे मिळणारा जास्तीचा पैसा घेणाऱ्याच्या अज्ञानाचा असतो. बिल्ल्यासोबत चार ओळींची चिठ्ठी ठेवायला काही पडत नाही: मागची पट्टी नवी, अमुक साली चिकटवली, अमुक पदार्थाने, मूळ सुईचे दोन तुकडे सोबतच्या पाकिटात. ते तुकडे फेकू नयेत. सुईची जात, डाखाचा रंग, पाठीवरचा कारखान्याचा शिक्का यांवरूनच पुढे कुणीतरी तो बिल्ला मूळचा की मागाहून पाडलेला हे ठरवणार असतं. स्नेह्यांच्या कपाटात मी असे तुकडे शोधले. कारागिराने ते केव्हाच मोडीत घातले होते.